डोंगराचे वेळापत्रक

आल्प्स पर्वतात पायवाटेला फाटा फुटतो तेथे दिशा दाखवणारी पाटी असते. स्वित्झर्लंडमधील पिवळ्या पाट्यांवर ठिकाणाच्या नावापुढे किलोमीटर लिहिलेले नसतात. ‘२ तास’, ‘३ तास १० मिनिटे’ असे लिहिलेले असते. सपाटीवर राहणाऱ्या माणसाला हे थोडे चमत्कारिक वाटते. पण डोंगरात वेळेलाच अधिक महत्त्व आहे. माणसाला चढायला किती वेळ लागतो, हा त्याचा एक भाग. दुसरा भाग असा, की डोंगराचे स्वतःचेही वेळापत्रक असते, आणि ते ज्याला ठाऊक नाही त्याची सहल जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यातील एका दिवसाच्या चढाईच्या निमित्ताने हे वेळापत्रक समजून घेऊ.

यासाठी आम्ही फ्रान्सच्या आग्नेय भागातील एक्रँ या पर्वतसमूहातील वाट निवडली आहे. एलफ्र्वाद नावाच्या खेड्यावरून वर जाणारा मोटाररस्ता ‘प्रे द मादाम कार्ल’, म्हणजे मादाम कार्लचे कुरण, या ठिकाणी संपतो. हे कुरण १८७४ मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे आपली वाट जेथे सुरू होते, ती जागाच कळसूबाईच्या माथ्याहून दोनशेहून अधिक मीटर वर आहे. तेथून चढत आपल्याला ‘ग्लासिए ब्लाँ’ म्हणजे ‘पांढरी हिमनदी’ हिच्या निवाऱ्यापर्यंत जायचे आहे. निवाऱ्याची उंची २५४२ मीटर, म्हणून चढ ६६८ मीटर.

निवारा म्हणजे आपल्याकडील यात्रामार्गावरच्या धर्मशाळेसारखी व्यवस्था. उन्हाळ्यात तेथे एक सांभाळणारा राहतो, गरम जेवण मिळते, रात्री फळ्यांच्या बाकांवर ओळीने झोपण्याची सोय असते. शिखरावर जाणारे गिर्यारोहक येथे मुक्काम करून पहाटेपूर्वीच निघतात. बाकीचे लोक सकाळी चढून येतात, सूप पितात आणि उतरू लागतात.

माणसाचा वेळ

चढायला किती वेळ लागेल याचा एक सोपा नियम विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितला. मेट्रिक परिमाणांत तो असा : दर ५ किलोमीटर अंतराला १ तास धरावा आणि त्यात दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास मिळवावा. आपली वळणावळणांची वाट ४ किलोमीटर धरली तर अंतरासाठी ४८ मिनिटे आणि चढासाठी सुमारे ६७ मिनिटे लागतील. एकूण १ तास ५५ मिनिटे. धडधाकट माणसाला निवाऱ्यापर्यंत खरोखरच सुमारे २ तास लागतात.

चढाला इतका वेळ का लागतो? पाठीवरच्या पिशवीसह एखाद्याचे वजन ६५ किलोग्रॅम आहे असे समजू. ते ६६८ मीटर वर नेण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ६५ × ९.८ × ६६८, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख ज्यूल कार्य करावे लागते. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम एक चतुर्थांश भाग कार्यात बदलू शकतात. म्हणून शरीराला सुमारे १७ लाख ज्यूल, म्हणजे ४०० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. उरलेल्या पावणेतेरा लाख ज्यूलची उष्णता होते. ती सगळी घामावाटे बाहेर टाकायची म्हटली तर अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी लागेल. थंड हवेतही पाण्याची बाटली जवळ का हवी, हे यावरून कळते. शिवाय निवाऱ्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७३ टक्केच असतो. प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी होतो आणि पाणी साधारण ९१ ते ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते.

हवेचा वेळ

आता डोंगराच्या वेळापत्रकाकडे वळू. ‘लवकर निघा, दुपार चढण्याआधी वर पोचा आणि परत फिरा’ ही आल्प्समधील जुनी शिकवण आहे. तिचे पहिले कारण आकाशात आहे.

सकाळी सूर्याकडे तोंड केलेले उतार तापतात. उताराला टेकलेली हवा त्याच उंचीवरील, पण दरीच्या मध्यावरील हवेपेक्षा गरम आणि हलकी होते व उताराला धरून वर सरकू लागते. तिची जागा घ्यायला दरीतून वारा वर येतो. वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने थंड होते. पुरेशी थंड झाली की बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि माथ्यांवर कापसासारखे पांढरे ढग दिसू लागतात. बाष्पाचे पाणी होताना सुप्त उष्णता बाहेर पडते. ती हवेला आणखी वर रेटते. हवा दमट व अस्थिर असेल तर दुपारनंतर या ढगांचे १० किलोमीटरहून उंच मनोरे होतात आणि विजा कडाडू लागतात. आपल्याकडचा वळवाचा पाऊस याच जातीचा. सकाळचे निरभ्र आकाश आणि चार वाजताची गारपीट यांत काही विसंगती नाही. सकाळच्या उन्हानेच दुपारच्या वादळाची तयारी केलेली असते.

येथे घड्याळाचीही एक गंमत आहे. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात घड्याळे जागतिक प्रमाणवेळेच्या २ तास पुढे असतात. एक्रँ पर्वत मात्र साधारण ६.४ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे तेथील सूर्याची वेळ फक्त २६ मिनिटे पुढे. त्यामुळे जुलैमध्ये तेथे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी १ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास. घड्याळात बारा वाजले तरी डोंगराची दुपार अजून यायची असते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि ३ ने भागावेत. विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. हे सेकंद तीसपेक्षा कमी भरले तर वादळ १० किलोमीटरच्या आत आले आहे. त्याआधीच डोंगराची धार, एकटा वृक्ष आणि उघडे पठार सोडून खाली उतरायला किंवा पक्क्या इमारतीत शिरायला हवे.

पाण्याचा वेळ

दुसरे कारण पायाखाली आहे. आपली वाट हिमनदीतून निघणारा प्रवाह पुलावरून ओलांडते. त्याचे पाणी दुधासारखे दिसते, कारण हिमनदीने खडक घासून केलेले पीठ त्यात मिसळलेले असते. सकाळी हा प्रवाह बेताचा असतो आणि दुपार उलटल्यावर त्याला जोर येतो.

हिशेब करून पाहू. उन्हाळ्यातील दुपारी मळकट बर्फाच्या प्रत्येक चौरस मीटरने ५०० वॅट ऊर्जा शोषली असे धरू. तासाला ती १८ लाख ज्यूल होते. १ किलोग्रॅम बर्फ वितळायला ३ लाख ३४ हजार ज्यूल लागतात. म्हणजे तासाला चौरस मीटरमागे सुमारे ५.४ लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरमागे ५४ लाख लिटर, अर्थात सेकंदाला १५०० लिटर. हे पाणी बर्फातील भेगांमधून आणि बोगद्यांतून वाट काढत खाली येते, म्हणून पुराचा कळस सूर्य माथ्यावर असताना न येता काही तासांनी येतो. पहाटे प्रवाह सर्वांत क्षीण असतो. हिमालयात भटकणारी आपली मंडळी ओढे सकाळीच ओलांडतात त्याचे कारण हेच. जेथे पूल नाही तेथे सकाळी घोटाभर असलेले पाणी संध्याकाळी परतीची वाट बंद करू शकते.

हिमनदीचा वेळ

या वाटेवर आणखी एक, फार संथ घड्याळ दिसते. कुरणाच्या वर ‘पांढरी’ आणि ‘ग्लासिए न्वार’, म्हणजे ‘काळी’, अशा दोन हिमनद्या आहेत. काळीच्या पाठीवर दगडगोट्यांचे आवरण आहे, म्हणून तिला ते नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या दोघी या कुरणापाशी एकत्र येत. आज जेथे गाड्या उभ्या राहतात त्याच्या जवळ तेव्हा बर्फ होते. त्यानंतर त्या मागे हटत गेल्या. १९८० च्या दशकात पांढरी हिमनदी काही काळ पुढेही सरकली होती, पण पुढे तिची माघार पुन्हा सुरू झाली. तिचे टोक आता कुरणापासून शेकडो मीटर वर आहे. वाटेच्या कडेचे हिमोढ, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडमातीचे बांध, तिच्या जुन्या हद्दीच्या खुणा आहेत.

ही माघार केवळ देखाव्याचा प्रश्न नाही. बर्फाचा आधार गेला की कडेचे खडक सैल होतात. याच पर्वतसमूहातील पिलात हिमनदीजवळचा निवारा त्याखालचा खडक हलू लागल्यामुळे २०२१ मध्ये बंद करावा लागला. जून २०२४ मध्ये याच पर्वतसमूहाच्या दुसऱ्या बाजूचे ला बेरार्द हे गिर्यारोहकांचे खेडे एका रात्रीत पुराने उद्ध्वस्त झाले. जोराचा पाऊस, वितळणारे बर्फ आणि वरच्या हिमनदीवर साठलेल्या तळ्याचे पाणी अशी कारणे तेथे एकत्र आली होती. डोंगराचे वेळापत्रक बदलत आहे. पूर्वीच्या अनुभवावर बांधलेले अंदाज आता पुन्हा तपासावे लागतात.

वर्गात करण्यासाठी

सारख्या आकाराचे बर्फाचे तीन तुकडे तीन बशांत ठेवून उन्हात मांडावेत. एक तसाच ठेवावा, दुसऱ्यावर काजळीची अगदी पातळ भुकटी टाकावी, तिसऱ्यावर कोरड्या मातीचा बोटभर जाड थर द्यावा. दर ५ मिनिटांनी साठलेले पाणी मोजून आलेख काढावा. काजळीचा तुकडा लवकर वितळतो आणि जाड थराखालचा टिकून राहतो, असे दिसायला हवे. पांढऱ्या आणि काळ्या हिमनदीच्या वागणुकीत फरक का पडतो, हे मुले मग स्वतःच सांगू लागतील.

शाळेची सहल गडावर नेताना मुलांना आधी नेस्मिथच्या नियमाने वेळ काढायला सांगावा आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ वर जाऊन त्याच्या शेजारी लिहावा. एप्रिल-मे महिन्यांत सहल असेल तर परत फिरण्याची वेळही त्याच कागदावर आधीच लिहून ठेवावी, आणि गडावर कितीही रमले तरी ती पाळावी.