पाण्याखाली दम रोखताना

उन्हाळ्याच्या सुटीत पोहण्याचे तलाव गजबजले, की मुलांच्या पैजा लागतात: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो? हल्ली काही तरुण 'फ्रीडायव्हिंग' म्हणजे नळकांडे न लावता, एका श्वासावर बुडी मारण्याचा रीतसर सरावही तलावात करतात. असे कोणी माझ्याकडे तपासणीसाठी आले, की मी पहिला प्रश्न विचारतो, "तुम्ही खाली असता तेव्हा वर कोण असते?" पुष्कळदा उत्तर मिळते, "कोणी नाही. मला उत्तम पोहता येते."

घोटाळा इथेच आहे. हा धोका पोहता न येणाऱ्यापेक्षा चांगल्या पोहणाऱ्यालाच अधिक असतो.

आपला जीव कासावीस होतो तो मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतले, तर हा वायू बाहेर टाकला जातो. प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. मग 'वर ये' ही सूचना उशिरा मिळते आणि त्याआधीच मेंदूला प्राणवायू अपुरा पडून शुद्ध हरपते. ना वेदना, ना हाका, ना हातपाय झाडणे. काठावरच्यांना वाटते, गडी अजून दम धरून आहे! यासाठी पाणी खोल असावे लागते असेही नाही; कमरेएवढे पुरते.

फ्रान्सच्या स्तेफान मिफ्सू यांनी 2009 साली पाण्यात निश्चल राहून 11 मिनिटे 35 सेकंद श्वास रोखला. पण असे विक्रमवीरदेखील देखरेखीशिवाय सराव करीत नाहीत. त्यांचे नियम आपणही पाळावेत:

1. एक खाली, एक वर. सोबत्याने हाताच्या अंतरावर राहून फक्त तुमच्याकडेच पाहावे. दहा जणांवर नजर ठेवणारा काठावरचा शिक्षक म्हणजे सोबती नव्हे.

2. खुणा आधी ठरवा. निश्चल सरावात सोबत्याने ठराविक वेळाने खांद्याला स्पर्श करावा आणि तुम्ही बोट उचलावे. उत्तर आले नाही, तर पुन्हा एकदाच स्पर्श करून लगेच वर काढावे.

3. बुडीपूर्वी भराभर श्वास घेऊ नका. दोन बुड्यांमध्ये, बुडीला लागला त्याच्या निदान दुप्पट वेळ विश्रांती घ्या.

4. वर आल्यावरही किमान अर्धा मिनिट सोबत्याने नजर हटवू नये. घेतलेला श्वास मेंदूपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात शुद्ध जाऊ शकते.

शुद्ध गेलीच, तर चेहरा पाण्याबाहेर धरा, चष्मा काढा, गालावर फुंकर घाला, थोपटा आणि नावाने हाक मारून 'श्वास घे' म्हणा. वेळेवर बाहेर काढलेला माणूस बहुधा काही सेकंदांत श्वास घेऊ लागतो. न घेतल्यास काठावर उताणे निजवा, दुसऱ्याला 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगा. हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या. तरीही हालचाल व श्वास नसेल, तर छातीच्या मध्यभागी 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवा. मोठ्या माणसाची छाती सुमारे 5 सेंटिमीटर दबली पाहिजे. वेग मिनिटाला 100 ते 120.

पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, गरगर फिरवणे हे आपल्याकडचे प्रकार मुळीच करू नका. त्यात मोलाचा वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. शुद्धीवर आलेल्यालाही त्या दिवशी पुन्हा पाण्यात न उतरवता डॉक्टरांना दाखवा.

पालकांना माझे सांगणे एवढेच: मुलांना पोहायला जरूर पाठवा, पण दम रोखण्याच्या पैजा बंद करा. आणि ज्यांना हा सराव शिकायचाच आहे, त्यांनी जाणत्या प्रशिक्षकाकडे शिकावा. सोबती आला नसेल, त्या दिवशी नुसते पोहून घरी यावे.