प्रमाणीकरण

प्रमाणीकरण म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तू, मापे, कार्यपद्धती, संज्ञा किंवा भाषारूपे यांतील स्वैर भिन्नता कमी करून त्यांना सर्वसंमत अशा एका निश्चित प्रमाणाशी जुळविण्याची प्रक्रिया होय. उद्योग, व्यापार, मापनशास्त्र, संख्याशास्त्र, भाषाविज्ञान आणि संगणकशास्त्र या क्षेत्रांत ही संज्ञा वापरली जाते.

व्युत्पत्ती

'प्रमाण' हा शब्द संस्कृतातील 'मा' (मोजणे) या धातूस 'प्र' हा उपसर्ग लागून सिद्ध झाला आहे. 'जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे' हा अर्थ दाखविणाऱ्या च्वि प्रत्ययामुळे 'प्रमाण' मधील अन्त्य 'अ'चा 'ई' होतो व पुढे 'करण' येते. त्यामुळे 'प्रमाणीकरण' याचा शब्दशः अर्थ 'जे प्रमाण नव्हते त्यास प्रमाण करणे' असा होतो. एकीकरण, शुद्धीकरण, सुलभीकरण हे शब्द याच रीतीने बनले असून त्या सर्वांत 'ई' दीर्घ लिहिली जाते.

न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे तेथे मानली आहेत. मराठीत याच शब्दाला माप, गुणोत्तर, पुरावा आणि आदर्श असे अर्थ आहेत. प्रमाणीकरणात 'आदर्श' हा अर्थ अभिप्रेत असतो.

सदृश संज्ञांशी फरक

हिंदीत या अर्थी 'मानकीकरण' हा शब्द रूढ आहे आणि तो मराठीतही आढळतो. हिंदीतील 'प्रमाणीकरण' मात्र प्रायः खरेपणाची पडताळणी या अर्थाने येतो. त्याच अर्थाने मराठी शासनव्यवहारात 'आधार प्रमाणीकरण' हा प्रयोग रुळला आहे. तेथे काहीही एकसारखे केले जात नाही, तर व्यक्तीची ओळख तपासली जाते. या अर्थासाठी 'अधिप्रमाणन' हा स्वतंत्र शब्द उपलब्ध आहे.

'प्रमाणन' ही संज्ञाही वेगळी आहे. बावीस कॅरट सोन्यात हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने असावे असे ठरविणे हे प्रमाणीकरण होय. विशिष्ट दागिना तपासून तो त्या कसास उतरतो अशी हॉलमार्कची मुद्रा उमटविणे हे प्रमाणन होय. पहिले वस्तूंच्या वर्गास लागू होते, दुसरे प्रत्यक्ष वस्तूस.

उद्योगातील प्रमाणीकरण

यंत्रयुगाच्या आरंभी प्रत्येक कारखाना आपापल्या मापाचे स्क्रू व नट बनवीत असे. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर बसत नसे. ब्रिटिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ५५ अंश कोनाच्या आट्यांची एकसारखी मालिका सुचविली. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली ६० अंशांची पद्धत मांडली. दोन्ही प्रमाणे आपापल्या देशात यशस्वी झाली, परंतु परस्परांशी जुळत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना याची झळ बसली आणि १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी सामाईक आटे स्वीकारले.

प्रमाणाच्या अभावाची किंमत फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहरास लागलेल्या आगीत दिसून आली. शेजारच्या शहरांतून अग्निशामक दले मदतीस धावून आली, पण त्यांपैकी अनेकांच्या नळ्यांची जोडणी बाल्टिमोरच्या जलस्तंभांना बसेना. या आगीत सुमारे १,५०० इमारती नष्ट झाल्या.

भारतात ६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १ एप्रिल १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आले. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटना (आयएसओ) हीदेखील १९४७ चीच असून तिचे मुख्यालय जिनिव्हा येथे आहे. मानक ठरविताना उत्पादक, ग्राहक, तज्ज्ञ व शासकीय प्रतिनिधी यांची समिती मसुदा तयार करते. त्यावर अभिप्राय मागवून अंतिम रूप प्रसिद्ध केले जाते. पिण्याच्या पाण्यासाठीचे 'आयएस १०५००' हे अशा मानकांपैकी एक होय.

मापे, वेळ आणि लोहमार्ग

दशमान पद्धतीपूर्वी शेर हे वजन सर्वत्र प्रचलित होते, परंतु ते सर्वत्र सारखे नव्हते. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा; त्याखेरीज कच्चा शेर व पक्का शेर, वजनी शेर व मापी शेर असे भेद होते. कोणत्या शेराने घेतले आणि कोणत्या शेराने दिले यावर शेतकऱ्याचे नुकसान अवलंबून असे. १९५६ च्या वजने व मापे प्रमाणीकरण कायद्याने मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली. तरीही जुनी मापे पूर्णपणे गेली नाहीत. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये नोंदले जाते, बोलण्यात मात्र एकर व गुंठे टिकून आहेत.

भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून स्वीकारण्यात आली. ती पूर्व रेखांश ८२° ३०' वर आधारलेली आहे. मुंबईत तिला विरोध झाला आणि तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' शहरात १९५५ पर्यंत वापरात राहिली.

लोहमार्गांच्या बाबतीत १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या मार्गासोबत मीटरमापी (१,००० मिलिमीटर) व अरुंदमापी मार्गही बांधले गेले. कुर्डुवाडी येथे ७६२ मिलिमीटरच्या बार्शी लाइट रेल्वेचा माल उतरवून रुंदमापी गाडीत पुन्हा भरावा लागे. १९९२ पासून रेल्वेने एकमापी मार्गांचे धोरण राबविले. बार्शीचा मार्गही पुढे रुंदमापी झाला.

भाषा आणि लिपी

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले व १९७२ साली त्यांत चार नियमांची भर घातली. त्यांनुसार 'नांव', 'कांहीं' यांतील व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार गेले. 'कवि', 'गुरु' ही रूपे 'कवी', 'गुरू' अशी दीर्घान्त झाली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी देवनागरी वर्णमालेची प्रमाण रूपे निश्चित केली.

संगणकावर युनिकोडपूर्वी प्रत्येक फॉण्टची संकेतपद्धती निराळी असे. एका फॉण्टमधील मजकूर दुसऱ्यात निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोडने प्रत्येक वर्णास एकच संकेतांक दिला. 'दर्या' (समुद्र) आणि 'दऱ्या' (खोरी) यांतील भेद दाखविणाऱ्या मराठी रफारालाही त्यात स्थान आहे.

प्रमाण भाषा ही शिक्षण, प्रशासन व ग्रंथव्यवहार यांसाठी ठरलेली एक बोलीच असते. ती इतर बोलींपेक्षा मुळात शुद्ध असते असे भाषाविज्ञान मानत नाही. वऱ्हाडीतील 'पानी' किंवा 'डोया' ही रूपे त्या बोलीच्या ध्वनिनियमांना धरून आहेत. 'प्रमाण' व 'शुद्ध' हे शब्द समानार्थी मानल्यास बोलीभाषक विद्यार्थ्याचे नियमबद्ध बोलणे वर्गात चूक ठरते.

संख्याशास्त्रातील अर्थ

संख्याशास्त्रात एखाद्या निरीक्षणातून सरासरी वजा करून बाकीस प्रमाण विचलनाने भागणे यास प्रमाणीकरण म्हणतात. सरासरी ६० व प्रमाण विचलन १० असताना ७५ गुणांचे प्रमाणीकृत मूल्य १.५ येते. त्यामुळे वेगवेगळ्या काठिण्याच्या परीक्षांतील गुणांची तुलना करता येते.

मर्यादा

प्रमाण ठरविणाऱ्या समितीत मोठ्या उत्पादकांचे वजन अधिक असल्यास लहान कारागिरांना न परवडणाऱ्या अटी येऊ शकतात. एकदा रूढ झालेले प्रमाण बदलणे खर्चिक असल्याने अधिक चांगला पर्याय मागे पडण्याचाही संभव असतो. या कारणांसाठी मानकांचा ठरावीक काळाने फेरविचार केला जातो.

हेही पाहा

प्रमाण भाषा
भारतीय मानक ब्यूरो
भारतीय प्रमाण वेळ
मेट्रिक पद्धत
युनिकोड