मोठा फोटो छापायचा, तर कापड कोणतं?

आज जरा वेगळाच विषय घेतलाय. गटाच्या खोलीत किंवा घरात मोठा फोटो लावायचा असेल, तर तो कशावर छापून घ्यावा?

विषय सुचला तो आमच्याच चुकीतून. गटाच्या पहिल्या बैठकीचा एकच फोटो आमच्याकडे होता. वर्धापनदिनाला तो फ्लेक्सवर मोठा करून घेतला आणि पश्चिमेच्या पडवीत टांगला. दोन उन्हाळ्यांत आधी लाल रंग उडाला. बायकांच्या कपाळावरचं कुंकू गेलं, लुगड्यांचे काठ गेले, उरले ते निळसर चेहरे. त्यातल्या दोघी आज नाहीत. मूळ फोटो दुकानातून परत आणायचा, हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. एकीच्या ट्रंकेत दुसरी प्रत निघाली म्हणून निभावलं.

फ्लेक्स म्हणजे जाळीदार धाग्यावर चढवलेला प्लास्टिकचा थर. चार दिवसांच्या कार्यक्रमाला तो ठीक. जपायचा फोटो कॅनव्हासवर, म्हणजे जाड विणीच्या कापडावर छापावा. पण दुकानदार नुसतं ‘कॅनव्हास’ म्हणाला की मान डोलवू नका. तुकडा मागून घ्या, मागच्या बाजूचा एक दोरा ओढा आणि जाळून पाहा. सुताचा दोरा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. ही परीक्षा आपल्याला कुणी शिकवायला नको, साड्या घेताना आपण करतोच!

सुती कॅनव्हास दिसायला सुरेख, पण पावसाळी हवेत ओल धरतो आणि चौकटीवर सैल पडतो. पॉलिस्टर ओल धरत नाही. आम्ही दोन्हींच्या मिश्र धाग्याचा घेतला. आपल्याकडच्या पावसाला तोच बरा, असं आमचं मत.

आता खरी मेख पांढरेपणात आहे. कापड शुभ्र दिसावं म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात. धुण्याच्या पावडरीत असतं, त्याच जातीचं. काही वर्षांत त्याची चमक विरते आणि फोटो पिवळट दिसू लागतो. ओळखायचं कसं? नोटा तपासायचा जांभळा दिवा किराणा दुकानात असतो. त्याखाली तुकडा धरा. निळा लखलखला, तर रसायन आहे. आपल्याला हवा तो मांजरपाटाकडे झुकणारा, किंचित पिवळसर पांढरा. त्यावर ‘ॲसिड-फ्री’ असं लिहिलेलं असावं, कारण आम्लाने कापड हळूहळू कुजतं.

शाईसुद्धा विचारा. ‘पिगमेंट’ शाई उजेडाला जास्त टिकते, ‘डाय’ शाई लवकर उडते. छापल्यावर वरून वॉर्निशचा हात द्यायला सांगा, म्हणजे धूळ हलकेच पुसता येते.

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो आकसतो. सहा बाय चार इंचांचा जुना फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला, तर तीन बाय दोन फुटांवर दर इंचाला १०० ठिपके मिळतात. भिंतीवर लांबून पाहायला तेवढे पुरतात.

घरी आणताना घडी घालू नका. घडीवर वरचा थर तडकतो आणि ती रेघ जात नाही. जाड नळीवर, चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. लावायचा तो आतल्या भिंतीवर, उन्हापासून आणि चुलीच्या धुरापासून लांब. चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीची ओल लागत नाही आणि मागून वारा खेळतो.

आणि मूळ फोटो? तो स्कॅन होईपर्यंत दुकानातच बसा, आणि हातात घेऊनच उठा.