धोंडसाचा पहिला वाटा

पावसाळ्यात बेळगावच्या बाजारात जाडजूड, पिवळसर तवशी दिसू लागली की मला माहेरची, सावंतवाडीकडची चूल आठवते आणि तिच्यावरचं धोंडस. काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं नि वेलची, एवढंच त्याचं सामान. गोव्यात यालाच तवसळी म्हणतात.

ओव्हन घरात यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या हे भाजत होत्या. शिजवलेलं मिश्रण जाड बुडाच्या टोपात केळीच्या पानावर ओतायचं, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. दोन्हीकडून आच लागली की कडेला खरपूस थर धरतो. त्यासाठी आम्हां पोरांची भांडणं जुंपायची!

गॅस आला, निखारे गेले, धोंडसही मागे पडलं. २०२० च्या टाळेबंदीत मुलगी घरी केक करत होती. एकदा तिनं विचारलं, "आजी, तुमच्या वेळी काय गं भाजायचे?" सासूबाईंनी धोंडस सांगितलं, पण माप नाही. "गूळ हाताला कळतो," म्हणाल्या. मग मीच मोजून लिहून घेतलं. तुपावर भाजलेला रवा दोन वाट्या, पाण्यासकट कीस तीन वाट्या, गूळ दीड वाटी, खोबरं वाटीभर. आणि हो, काकडी आधी चाखून बघायची. एक कडू निघाली की सगळं वाया.

पुढच्या वर्षी मी ऑर्डरी घेऊ लागले. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरून विकायलाही नोंदणी लागते, तीही केली. सासूबाई मात्र गप्प. शेवटी एकदा म्हणाल्या, "धोंडस काय विकतात?"

मला रागच आला. "लाडू-चकल्या विकलेल्या चालतात, मग हे का नाही, आई?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी काडेपेटीही जपून वापरत. विस्तव शेजारून मागून आणायचा, आणि ज्या घरचा विस्तव त्या घरी पहिला वाटा जायचा. "पैसे घेतलेस की हिशेब मिटला. मग कोण कुणाकडे कशाला येईल?"

"पण इतकी वर्षं राबलात, त्याचे कुणी काय दिलं तुम्हाला?"

त्या थोडा वेळ थांबल्या. "काही नाही," म्हणाल्या.

दोघींचंही खरं होतं. मी ऑर्डरी बंद केल्या नाहीत. बाईच्या कष्टाला मोल मिळालंच पाहिजे, असं मला आजही वाटतं. पण आता दर खेपेला पहिला वाटा विकायचा नाही, असं ठरलं आहे. तो सासूबाई स्वतः कापतात आणि शेजारच्या कन्नड काकूंकडे पाठवतात. सणाला तोच डबा होळिगे घेऊन परत येतो. त्या दिवशी सासूबाई मला आवर्जून सांगतात, "बघ, रिकामा नाही आला."