मुंबईची ‘त्रिंकोमाली’, पाव इंचाला एक फूट

मुंबईच्या गोदीत बांधलेलं एक सागवानी लढाऊ जहाज आजही पाण्यावर आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलमध्ये ते पाहता येतं. नाव ‘एचएमएस त्रिंकोमाली’. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे इंग्लंडात ओकचा तुटवडा झाला आणि काम मुंबईत जहाजं बांधणाऱ्या वाडिया या पारशी घराण्याकडे आलं. या जहाजाचे नकाशे घेऊन मुंबईकडे निघालेलं ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांनी लढाईत पाडाव करून जाळलं, त्यामुळे नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरलं.

याची लाकडी प्रतिकृती करायची तर आधी साल ठरवावं लागतं. १८४५ मध्ये तोफा कमी करून अधिक माऱ्याच्या बसवल्या गेल्या आणि जहाजाच्या मागच्या भागाचा आकारही बदलला. दोन्ही रूपं खरी, पण त्यांची सरमिसळ करून चालत नाही. मी तरी १८१७ चंच रूप धरेन. मुंबईच्या सुतारांनी घडवलं ते जहाज ते.

मग प्रमाण. पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८, हे इंग्लंडमधल्या जुन्या नौदल प्रतिकृतींचं माप. तोफांचा मजला दीडशे फुटांचा, तो इथे साडेसदतीस इंच भरतो. चाळीस फुटांची रुंदी दहा इंचांवर येते. तोफ जेमतेम दोन इंचांची.

जहाज सागवानी, म्हणून प्रतिकृतीही सागवानी करावी, असं कुणालाही वाटेल. ते टाळावं. सागाची रंध्रं मोठी असतात. या प्रमाणात एक मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ पाच सेंटिमीटरची फट! बारीक, एकसारख्या पोताचं लाकूड हवं: नासपती, बॉक्सवुड किंवा आपल्याकडचं हेदू. साग प्रतिकृतीखालच्या बैठकीला शोभतो.

बांधणीचा क्रम गोदीतलाच. आधी पठाण, म्हणजे तळाचं लांब लाकूड. त्रिंकोमालीच्या पठाणात पारशी प्रथेप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला होता. प्रतिकृतीत तो चांदीच्या तारेचा बारीकसा तुकडा होतो. पुढे फळ्यांखाली तो दिसणार नाही, तरी घालावाच.

पठाणावर फासळ्या उभ्या राहतात. एकाच पाटीतून अख्खी फासळी कापली तर कुठेतरी लाकडाचे तंतू वळणाला आडवे येतात आणि ती तिथेच मोडते. म्हणून प्रत्येक फासळी लहान तुकड्यांच्या दोन थरांची करतात. एका थराचा सांधा दुसऱ्या थरातल्या तुकड्याच्या मध्यावर येईल असं पाहतात. गोदीतही फासळ्या तुकड्यांच्याच असत, कारण एवढ्या मोठ्या वळणाचं अखंड लाकूड मिळत नाही.

आता खरं काम. सगळ्या फासळ्यांवरून एक लवचिक पातळ पट्टी नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत टेकवायची आणि पलीकडे दिवा धरायचा. पट्टीखालून उजेड आला, तर ती फासळी खोल गेली आहे. तिथे लाकडाची पातळ चीप चिकटवायची. पट्टी कुठे उचकली, तर ती फासळी पुढे आली आहे, ती घासायची. मग पट्टी जराशी खाली सरकवून पुन्हा तेच. पट्टी कुठेही ठेवली तरी एका दमात वाहत जाते, तेव्हाच थांबायचं. इथे घाई केली तर पुढचं कितीही सुबक कोरीवकाम तो दोष झाकू शकत नाही. प्रतिकृती पाहताना मी आधी याच रेषेवरून नजर फिरवतो, तोफा नंतर.

फळ्या बसवताना नवख्याला एक कोडं पडतं. एकाच रुंदीच्या पट्ट्या मधोमध नीट बसतात, पण नाळेकडे एकमेकींवर चढू लागतात. कारण सोपं आहे: जहाजाचा पोटाचा घेर मोठा, टोकांचा लहान. म्हणून प्रत्येक फासळीवरचा घेर कागदी पट्टीने मोजायचा, फळ्यांच्या संख्येने भागायचा आणि फळी त्या-त्या जागी तेवढीच रुंद ठेवून टोकांकडे निमुळती तासायची. नाळेजवळचं वळण तीव्र असतं. तिथे फळी कोमट पाण्यात भिजवून, गरम नळीवर हळूहळू वाकवतात आणि वाळल्यावरच चिकटवतात. ओली चिकटवली तर वाळताना आक्रसते, फटी पडतात.

एका बाजूच्या काही फळ्या मुद्दाम न लावता फासळ्या उघड्या ठेवाव्यात, असं माझं मत आहे. वाडियांची करामत तिथेच दिसते.

डोलकाठ्या तीन. त्या चौकोनी काठीपासून सुरू होतात: आधी आठ पैलू, मग सोळा, मग गोल. दोर दोन रंगांचे लागतात. डोलकाठ्यांना कायम ताणून धरणारे दोर डांबर लावलेले, म्हणून काळे. शिडं ओढणारे, सैल सोडता येणारे दोर तागाच्या रंगाचे. शिडं मी लावणार नाही, कारण जाडं कापड या मापात गोणपाटासारखं दिसतं आणि सारी दोरकामाची जाळी झाकून टाकतं.

शेवटी काचेची पेटी. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, दोरही ताणतात-ढिले होतात. मुंबई-कोकणात हा फरक पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ठळक जाणवतो. पेटी खिडकीच्या उन्हात आणि एसीच्या झोतात ठेवू नये, तळाशी हवा खेळायला जाळी लावलेलं छोटं भोक ठेवावं. धूळ अडते आणि आतली हवाही कोंडत नाही.