हात मोकळे झाले, लक्षाचं काय?

बेळगावातून निपाणीकडे जाणाऱ्या दुचाकी आठवून बघा. काही वर्षांपूर्वी मान वाकडी करून, खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाईल दाबून गाडी चालवणारी मंडळी सर्रास दिसायची. काहीजण तर हेल्मेटच्या आतच फोन खुपसायचे. आता ते दृश्य बरंच कमी झालंय. कानात छोटंसं बटण, दोन्ही हात हँडलवर आणि गप्पा चालू! ब्लूटूथ हेडसेट घरोघरी पोचलाय. भाऊबीजेच्या ओवाळणीतसुद्धा तो द्यायला लागलेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे आमच्या नात्यागोत्यातले या यंत्राबद्दलचे प्रश्न माझ्याकडेच येतात. प्रश्न बहुतेक तीनच. गाणी छान वाजतात, मग फोनवर आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो? कानात घालून डोक्याला काही होत नाही ना? आणि तिसरा, गाडी चालवताना वापरला तर चालतो ना, हात तर मोकळेच असतात? पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचं मात्र आपण सगळ्यांनी घरात बसून बोलायला हवं.

आधी थोडी जन्मकथा

ब्लूटूथवरचं काम १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड शहरात, एरिक्सन कंपनीत सुरू झालं. याप हार्टसेन हा डच इंजिनिअर त्यातलं प्रमुख नाव. जवळच्या यंत्रांना जोडणाऱ्या वायरी काढून टाकायच्या, एवढाच हेतू होता. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, तोशिबा आणि आयबीएम एकत्र आल्या आणि सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवायचं काम सुरू झालं. नाव घेतलं दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही पद्धत यंत्रांना एकत्र आणेल अशी कल्पना. फोनवर दिसणारं ते निळं चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची दोन जुनी अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत. गंमत म्हणजे १९९९ मध्ये लोकांसमोर आलेलं पहिलं ब्लूटूथ यंत्र हात न लावता फोनवर बोलायचा हेडसेटच होता.

गाणी गोड, फोन बसका

हेडसेट आणि फोन यांच्यात कामाच्या वेगवेगळ्या पद्धती ठरलेल्या असतात. त्यांना प्रोफाइल म्हणतात. गाणी ऐकताना आवाज एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे येतो. त्यामुळे सगळी जागा त्याच्यासाठी वापरता येते. फोन आला की हेडसेट दुसऱ्या प्रोफाइलवर जातो, कारण आता तुमचा आवाजही परत पाठवायचा असतो, तोही उशीर न होता. मग आवाजाचा दर्जा कमी करून दोन्ही बाजू भागवल्या जातात.

जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात. जुन्या लँडलाइनसारखंच, साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो. ‘स’ची सुरसुर मुख्यतः याच्या वर असते. म्हणून फोनवर ‘साल’ आणि ‘शाल’ यात गोंधळ होतो. मातृभाषेत बोलताना हा गोंधळ फारसा जाणवत नाही, कारण गाळलेला आवाज आपला मेंदू अंदाजाने भरून काढतो. पण आपल्या भागात दिवसभरात मराठी, कन्नड, हिंदी असा तिन्हींचा वापर होतो. ज्या भाषेवर आपला हात तेवढा बसलेला नाही, तिच्यात हा अंदाज हमखास चुकतो. समोरच्याचं कन्नड समोरासमोर नीट कळतं आणि फोनवर कळत नाही, असं होत असेल तर त्यात हेडसेटचाही वाटा असू शकतो.

२०११ मध्ये यावर सुधारणा आली. त्यात सेकंदाला १६,००० नमुने घेतात आणि आवाज खूपच स्वच्छ येतो. मात्र फोन आणि हेडसेट दोघांनाही ती जमायला हवी. म्हणून विकत घेताना डब्यावर ‘वाइडबँड’ किंवा ‘एचडी व्हॉइस’ लिहिलंय का ते बघा. गाण्यांचा बेस कितीही दणदणीत असला तरी त्यावरून माइक कसा आहे ते कळत नाही. दुकानातच एकदा घरी फोन लावा आणि पलीकडच्याला विचारा, आवाज कसा येतोय. ही परीक्षा सगळ्यात खरी.

डोक्याला काही होतं का?

नेहमीच्या हेडसेटची रेडिओशक्ती फार कमी असते, बहुतेक वेळा जास्तीत जास्त २.५ मिलिवॅट. ४जी फोन स्वतः २०० मिलिवॅटपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे फोन कानाला लावण्यापेक्षा खिशात ठेवून हेडसेटवर बोलणं या दृष्टीने बरंच. काळजी करायची ती मोठ्या आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, मुलांसाठी ७५ डेसिबल. रस्त्याच्या गोंगाटात आपण नकळत आवाज वाढवत जातो आणि कान बिघडतात ते तिथे.

आता तिसरा प्रश्न

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला. गाडी चालवताना हातात धरायचं संपर्कसाधन वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात धरलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कलमात शब्द ‘हातात धरायचं’ असा आहे. त्यामुळे अनेकांनी सोयीचा अर्थ काढला, की हातात नसेल तर काळजी नाही.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्यासारखं काम करताना लाल दिवा दिसला की ब्रेक दाबायचा. फोनवर बोलणाऱ्यांकडून असे दिवे चुकण्याचं प्रमाण दुपटीवर गेलं. फोन हातात होता की नव्हता, याने काहीच फरक पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांवर असा परिणाम दिसला नाही. अडचण हाताची नव्हती. समोरच्याला काय उत्तर द्यायचं, ते डोक्यात जुळवण्यात लक्ष खर्च होत होतं.

यावर कोणीही विचारेल, मग शेजारी बसलेल्याशी आपण बोलतोच की! त्याच विद्यापीठातून २००८ मध्ये याचंही उत्तर आलं. सिम्युलेटरवर गाडी चालवताना ठरलेल्या ठिकाणी महामार्ग सोडून वळायचं होतं. हँड्सफ्री फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं वळण चुकलं. शेजारच्या मित्राशी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बरोबर वळण घेतलं. कारण शेजाऱ्याला रस्ता दिसतो. गर्दी आली की तो आपोआप गप्प बसतो, किंवा “जरा बघ, वळण आलं” म्हणतो.

हे आपल्या रस्त्यावर आणून बघा. बेळगाव सोडून काकती, होनगा ओलांडलं की वंटमुरीचा घाट. पुढे हत्तरगी, संकेश्वर, कणगला आणि निपाणीच्या तोंडाशी तवंदीचा घाट. पावसाळ्यात धुकं. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि कित्येकांना मागचा दिवाच नसतो. गाडीत शेजारी बसलेली आई ती ट्रॉली तुमच्या आधी बघते आणि “सावकाश रे” म्हणते. निपाणीच्या स्वयंपाकघरातून फोन करणाऱ्या त्याच आईला ती ट्रॉली दिसत नसते. ती विचारत असते, “गॅस सिलिंडरचं बुकिंग केलंस काय?” प्रश्न साधा आणि मायेचाच असतो. पण तारीख आठवायला लक्ष घरी जातं आणि गाडी घाटातच असते.

दुचाकीवर तर आणखी एक गोष्ट. दोन्ही कानांत घट्ट बोळे आणि वर हेल्मेट म्हणजे मागच्या ट्रकचा हॉर्नही नीट ऐकू येत नाही.

घरात काय ठरवायचं

आपली पिढी फोन न उचलायला शिकली पाहिजे हे खरं, पण अर्धं काम फोन करणाऱ्याचं आहे. आमच्या घरी आता असं ठरलंय. फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न, “गाडीवर आहेस?” उत्तर “हो” आलं की पलीकडूनच फोन ठेवायचा. “दोनच मिनिटं” नाही. आईबाबांना, काका-काकूंना हे एकदा नीट समजावून सांगा. तुम्ही आठव्या मिनिटाला उत्तर दिलं नाहीत म्हणून त्यांचा जीव घाबरा होतो, म्हणून निघताना “तासाभराने पोचतो” एवढं सांगून निघा.

फोनमध्येही दोन बदल करून ठेवा. हेडसेटला किंवा फोनला आपोआप कॉल उचलायची सोय असेल तर ती बंद करा. आणि फोन न उचलता पाठवायचे जे तयार निरोप असतात, त्यात आपल्या भाषेत एक घाला. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ते कॉलच्या सेटिंगमध्ये बदलता येतात. आयफोनमध्ये ड्रायव्हिंग फोकस चालू केला की असा निरोप आपोआपही जातो.

बाकी स्वयंपाक करताना, दुकानात माल मोजताना, शेतावर किंवा घरून काम करताना हेडसेट खुशाल वापरा. तो त्याच्यासाठीच आहे. पायी चालताना रस्त्याच्या बाजूचा एक कान तेवढा मोकळा ठेवा.

माझ्या फोनमधला निरोप असा आहे, हवा तर तसाच उतरवून घ्या: “गाडीवर आहे. पोचलो की फोन करतो. काळजी नको.”