खराडीहून देहूरोड: रंगूनहून आलेला बुद्ध

मुळा-मुठेच्या काठच्या खराडीतून निघावे, ते पवना आणि इंद्रायणी यांच्या मधल्या देहूरोडला. इथल्या विहारातली बुद्धमूर्ती रंगूनहून आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५४मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी ब्रह्मदेशातील रंगूनला गेले होते. परतल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतः या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरचे धर्मांतर व्हायला अजून जवळपास दोन वर्षे होती! सामान्य माणसाला समजेल असा बुद्धविचारांचा ग्रंथ आपण लिहीत आहोत, हेही त्यांनी इथेच जाहीर केले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा तो ग्रंथ १९५७मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाला. पुणेकरांनी आपल्या इतिहासातले हे पान जरूर जवळून पाहावे.

जायचे कसे? खराडीजवळच्या रामवाडीहून मेट्रोने पुणे रेल्वे स्थानक, तिथून लोणावळा लोकलने देहूरोड. निवांतपणा हवा असेल तर साधा दिवस निवडा; २५ डिसेंबरला वर्धापनदिनाची मोठी गर्दी असते, आणि ती पाहण्यासारखीही असते. चपला बाहेर, आवाज खाली, प्रदक्षिणा मूर्ती उजव्या हाताला ठेवून.

बुद्धदर्शनासोबत बाग आणि नदी दोन्ही हव्या असतील, तर विदर्भातही जाता येईल. नागपूरजवळ, कन्हान नदीकाठच्या कामठीत १९९९मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या साहाय्याने ड्रॅगन पॅलेस मंदिर उभे राहिले. प्रशस्त हिरवळीच्या मधोमध ही वास्तू आहे, आणि आतली बुद्धमूर्ती अखंड चंदनाची.